तळ्याचे पाणी हिरवे होते तेव्हा काय मोजायचे, कुठे अडवायचे: गोव्यातल्या लहान तळ्यांसाठी

दोन हेक्टर पसरलेल्या आणि सरासरी दीड मीटर खोल तळ्यात ३०,००० घनमीटर पाणी असते. या पाण्यात लिटरमागे १०० मायक्रोग्रॅम स्फुरद (फॉस्फरस, शेवाळ वाढवणारे पोषकद्रव्य) झाले की आंतरराष्ट्रीय वर्गवारीप्रमाणे ते तळे सर्वांत वाईट, म्हणजे अतिपोषित गटाच्या उंबरठ्यावर येते. सगळ्या तळ्यातले हे स्फुरद एकत्र केले तर वजन भरते फक्त ३ किलो. डीएपी खताच्या ५० किलोच्या एका गोणीत १० किलो स्फुरद असते. माणसाच्या मलमूत्रातून रोज साधारण दीड ग्रॅम स्फुरद बाहेर पडते, म्हणजे सहा माणसांच्या घराचे वर्षाचे ३ किलो. तळे बिघडायला कारखाना लागत नाही तो यामुळे. सुधारणेची वाटही याच हिशेबातून निघते, म्हणून पावडर, कारंजे किंवा जेसीबी यांपैकी काहीही मागवण्याआधी हा हिशेब आपल्या तळ्यासाठी करा.

आकारमान आणि पावसाचा हिशेब

तळ्याचे क्षेत्र मोबाइलवरच्या नकाशात कडेने रेघ ओढून काढता येते. खोलीसाठी दोरीला दर २५ सेंटिमीटरवर गाठ मारा, टोकाला वजन बांधा आणि होडीतून तळ्याच्या सगळ्या भागांत सारख्या अंतरावर पंचवीस-तीस ठिकाणी मोजा. सरासरी खोलीला क्षेत्राने गुणले की घनमीटर मिळतात. हे काम ऑक्टोबरमध्ये, तळे भरलेले असताना करा आणि त्याच दिवशी मानशीच्या (तळ्याचे पाणी सोडण्या-अडवण्याच्या दाराच्या) भिंतीवर रंगाने पातळीच्या खुणा करून ठेवा. पुढे पाणी किती उरले ते त्या खुणांवरून कळते.

आता पाणलोट बघा. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पाणलोट ५० हेक्टर असेल आणि अर्धे पाणी वाहून आले असे धरले, तरी साडेसात लाख घनमीटर पाणी तळ्यात येते. म्हणजे आपल्या ३०,००० घनमीटरच्या तळ्यातले पाणी पावसाळ्यात पंचवीसेक वेळा बदलते. ऑक्टोबरनंतर मात्र ते जवळजवळ थांबते. पुढचे आठ महिने जे आत येईल ते आतच राहते आणि आटत्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढत जाते. गोव्यातले लहान तळे मार्च-एप्रिलमध्ये हिरवे होते त्याचे कारण बहुधा पावसाळ्याच्या लोंढ्यात सापडत नाही. ते कोरड्या दिवसांतल्या बारीक धारेत आणि तळाच्या गाळात असते. पुढची सगळी कृती या एका गोष्टीवर उभी आहे.

कोरड्या दिवसांतली धार शोधा

फेब्रुवारी-मार्चमध्ये तळ्याच्या काठाने पूर्ण फेरी मारा. या दिवसांत जे अजून वाहते आहे ते एकतर झर आहे किंवा कुणाचे तरी सांडपाणी. दोन्ही ओळखायला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारे साधे पेन पुरते. जांभ्या दगडातले झऱ्याचे पाणी मऊ असते, आकडा बहुधा शंभराच्या आत राहतो. मोरीचे किंवा सेप्टिक टाकीचे पाणी त्याच्या कितीतरी वर जाते. खारेपाणी चढणाऱ्या खाजनाजवळ (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीजवळ) ही खूण चालत नाही. तिथे वास, फेस आणि धारेखालच्या दगडावर धरलेला करडा बुळबुळीत थर यांवर जा.

धार मोजायला २० लिटरची बादली आणि घड्याळ घ्या. बादली १०० सेकंदांत भरली तर प्रवाह सेकंदाला ०.२ लिटर. ही धार बघून कुणाला काळजी वाटणार नाही. पण त्यात लिटरला २ मिलिग्रॅम स्फुरद असेल (धुण्याभांड्याच्या पाण्यात ते सहज असते) तर रोजचे ३५ ग्रॅम होतात आणि ऑक्टोबर ते मे या काळात सुमारे ८ किलो. वर काढलेले तळ्याचे ३ किलो आठवा. एवढीशी धार एकटी तळे बिघडवू शकते आणि ती बंद करणे हा सगळ्या उपायांतला सर्वांत स्वस्त उपाय आहे.

मोजताना दिवसातून तीनदा मोजा. घरांची धार सकाळी सात ते दहा मोठी असते, दुपारी मरते. एकाच वेळच्या आकड्याला २४ तासांनी गुणले की हिशेब दुप्पट-तिप्पट चुकतो.

पारदर्शकतेची तबकडी

हे साधन सर्वांत स्वस्त आहे आणि नियमाने वापरले तर सर्वांत उपयोगी. २० सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची किंवा अ‍ॅक्रिलिकची तबकडी घ्या, तिचे चार भाग करून आलटूनपालटून काळे-पांढरे रंगवा, खाली किलोभर वजन लावा. दोरी नायलॉनची नको, ती भिजली की ताणते. पॉलिएस्टरची घ्या आणि दर १० सेंटिमीटरला खूण करा. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान, होडीच्या सावलीच्या बाजूने तबकडी सोडा. दिसेनाशी झाली ती खोली आणि वर घेताना पुन्हा दिसली ती खोली, या दोहोंची सरासरी हा तुमचा आकडा. गॉगल घालून बघू नका. तबकडी तळाला टेकेपर्यंत दिसत राहिली तर ‘तळापर्यंत स्वच्छ’ असे लिहा, खोलीचा आकडा टाकू नका.

कार्लसन यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या निर्देशांकात २ मीटर पारदर्शकतेला ५० गुण मिळतात, १ मीटरला ६०, अर्ध्या मीटरला ७० आणि २५ सेंटिमीटरला ८०. पन्नासच्या वर तळे पोषकद्रव्यांनी भरत चालले असे समजायचे, सत्तरच्या वर शेवाळाचा जाड थर येण्याची तयारी ठेवायची.

गोव्यात इथे एक मोठी फसगत होते. जुलैमध्ये तबकडी ३० सेंटिमीटरवर दिसेनाशी होते ती शेवाळामुळे नाही, तांबड्या मातीमुळे. चिरेखाणी, कापलेल्या टेकड्या आणि खाणपट्ट्यातून येणारे व्हाळ (ओढे) यांच्या खाली तर हे ऑक्टोबरपर्यंत चालते. अशा वेळी वरचा निर्देशांक वापरू नका. पाणी काचेच्या बाटलीत भरून रात्रभर न हलवता ठेवा. तळाशी तांबूस साका बसला तर माती. पाणी सगळीकडे हिरवटच राहिले किंवा हिरवे तळाशी बसले तर साधे शेवाळ. हिरवा थर वर तरंगून आला तर निळे-हिरवे शेवाळ, म्हणजे सायनोबॅक्टेरिया असण्याची शक्यता मोठी. त्यातल्या काही जाती विष तयार करतात. असे पाणी उकळूनही सुरक्षित होत नाही, म्हणून गुरे आणि आंघोळ दोन्ही लगेच थांबवा. काडी फिरवून बघणे ही दुसरी खूण: केसांसारखे धागे काडीला लोंबले तर तंतुशेवाळ, काडी हिरव्या रंगात बुडवल्यासारखी निघाली तर सायनोबॅक्टेरिया.

काठाच्या झरीपाशी पाण्यावर तेलासारखा रंगीत पापुद्रा दिसतो, त्याला घाबरू नका. काडीने डिवचल्यावर त्याचे पत्र्यासारखे तुकडे झाले आणि ते तुटलेलेच राहिले तर तो लोहजीवाणूंचा थर. खरे तेल असेल तर पुन्हा जुळून येते.

ऑक्सिजन दोनदा मोजा

एकाच दिवशी, सूर्योदयाआधी आणि दुपारी तीनला. २८ अंश तापमानाच्या पाण्यात हवेशी समतोल साधणारा ऑक्सिजन लिटरला सुमारे ७.८ मिलिग्रॅम असतो. दुपारी १२ मिलिग्रॅम आणि पहाटे २ मिलिग्रॅम असे आकडे आले तर तळे शेवाळाने गच्च आहे: दिवसा ते ऑक्सिजन सोडते, रात्री तोच ओढून घेते. नुसता दुपारचा नमुना घेतला तर हेच तळे कागदावर उत्तम ठरते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत आंघोळीच्या पाण्याला (ब वर्ग) किमान ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन आणि बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) ३ मिलिग्रॅमपर्यंत अशी अट आहे. स्फुरदाची अट तिथे नाहीच. त्यामुळे ‘ब वर्गात बसते’ एवढ्या शेऱ्यावर समाधान मानू नका.

मीटर नसेल तर विंकलर पद्धत वापरा. ३०० मिलिलिटरची बीओडी बाटली पाण्याखाली धरून भरा, बुडबुडा राहू देऊ नका. मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड ही द्रावणे प्रत्येकी २ मिलिलिटर, पिपेटचे टोक पाण्याखाली बुडवून, काठावरच घाला आणि बूच लावून उलटीसुलटी करा. साका तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, पांढराशुभ्र आला तर जवळजवळ शून्य. तळाच्या पाण्याबद्दल एवढी माहितीही पुष्कळ असते. साका बसल्यावर २ मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून तो विरघळवा. मूळ नमुन्याच्या २०० मिलिलिटरांशी जुळणारे द्रावण ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने, स्टार्च दर्शक वापरून टायट्रेट करा. जितके मिलिलिटर लागतील तितके मिलिग्रॅम प्रति लिटर. आम्ल हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच. हे काम शाळेच्या मुलांकडून करून घेऊ नये. साका धरल्याशिवाय बाटली प्रयोगशाळेत नेली तर वाटेतच आकडा बदलतो.

दुपारी पीएच पण बघा. आपले पाणी मऊ, क्षारता (पीएचचे चढउतार आवरण्याची पाण्याची ताकद) कमी, त्यामुळे शेवाळ वाढले की पीएच दुपारी ९ च्या वर सहज जातो. तेवढ्या पीएचला पाण्यातला अमोनिया माशांना विषारी रूपात बदलतो.

स्फुरदाचा नमुना: इथेच बहुतेक अहवाल वाया जातात

तळ्याच्या सर्वांत खोल जागी, बहुधा मानशीजवळ, दोन नमुने घ्या: पृष्ठभागाखाली ३० सेंटिमीटरवर आणि तळापासून ३० सेंटिमीटर वर. तळाच्या नमुन्यासाठी काचेच्या बाटलीला वजन बांधा, सैल बूच लावा, बुचाला वेगळी दोरी बांधा. हव्या खोलीला पोचल्यावर ती दोरी ओढायची. वजन गाळात टेकले तर नमुना फेकून द्या आणि दुसऱ्या जागी घ्या.

बाटल्या साबणाने धुऊ नका, धुण्याच्या पावडरमध्ये स्फुरद असू शकते. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाने आणि मग डिस्टिल्ड पाण्याने विसळा. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्या, नाहीतर सल्फ्युरिक आम्लाने पीएच २ च्या खाली आणून ४ अंशांवर ठेवा.

प्रयोगशाळेला तीन गोष्टी आधी विचारा. पहिली: तुम्ही ‘एकूण स्फुरद’ मोजता का, परसल्फेटने पचन करून? नुसते विरघळलेले फॉस्फेट मोजले तर हिरव्यागार तळ्यातही ते ‘आढळले नाही’ असे येते, कारण सगळे शेवाळाच्या अंगात गेलेले असते. हा अहवाल हातात घेऊन पंचायत निश्चिंत होते आणि महिन्याभरात मासे मरतात. दुसरी: तुमची मोजण्याची खालची मर्यादा किती? लिटरला ०.१ मिलिग्रॅम असेल तर उपयोग नाही, ती म्हणजे आपली १०० मायक्रोग्रॅमची धोक्याची रेषाच. १० मायक्रोग्रॅम किंवा कमी हवी. तिसरी: आकडा स्फुरद म्हणून देता की फॉस्फेट म्हणून? फॉस्फेटचा आकडा ३.०६ ने भागल्यावर स्फुरद मिळते. नायट्रेटलाही हेच लागू, तिथे ४.४३ ने भागायचे.

वर्षभराच्या सरासरीत एकूण स्फुरद १० ते ३५ मायक्रोग्रॅम असेल तर तळे मध्यम, ३५ ते १०० पोषित, त्यावर अतिपोषित. नमुने ऑक्टोबरअखेर, जानेवारी, मार्च आणि मेच्या मध्यावर घ्या. पाचवा नमुना जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात, तळ्यात न घेता व्हाळाच्या तोंडाशी.

गाळ स्फुरद सोडतो आहे का

जांभ्या मातीत लोह भरपूर असते आणि ऑक्सिजन असेपर्यंत हे लोह स्फुरदाला घट्ट धरून ठेवते. तळाचा ऑक्सिजन संपला की लोह विरघळते आणि धरलेले स्फुरद पाण्यात सुटते. म्हणून वरच्या आणि तळाच्या आकड्यांची तुलना करा. तळाला ऑक्सिजन शून्याजवळ, पाण्याला कुजक्या अंड्याचा वास आणि एकूण स्फुरद वरच्यापेक्षा तिप्पट-चौपट असेल तर स्रोत आतच बसलेला आहे. बाहेरची धार बंद केली तरी असे तळे काही वर्षे हिरवे होत राहील. लोकांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात ‘काही फरक पडला नाही’ म्हणून काम सोडून दिले जाते.

अडवण्याचे काम, ज्या क्रमाने करावे त्या क्रमाने

आधी सांडपाणी. वाड्यावर मलनिस्सारण वाहिनी पोचली असेल तर घरे तिला जोडून घ्या. नसेल तर ओसंडणाऱ्या सेप्टिक टाक्या उपसा आणि ओसंड तळ्याकडे जाणे तोडा. जांभ्याला भेगा असतात, त्यामुळे काठालगतचा शोषखड्डा म्हणजे तळ्यात उघडणारी नळीच. तो काठापासून शक्य तितका लांब हवा. धुण्याभांड्याच्या पाण्यासाठी कर्दळीचा वाफा करता येतो: माणशी एक ते दोन चौरस मीटर, ६० सेंटिमीटर खोल, तळाला प्लास्टिक, आत १० ते २० मिलिमीटरची धुतलेली खडी. तोंडाशी तेल-चिकटा अडवणारी छोटी टाकी लागतेच. ती वगळली की वर्षभरात वाफा तुंबतो आणि पाणी वरून वाहते. वाफ्याच्या शेवटच्या भागात चिऱ्याचे धुतलेले तुकडे घातले तर त्यांतले लोह थोडे स्फुरद धरते. ते भरले की तुकडे बदलावे लागतात.

मग शेत. वायंगणात (उन्हाळी भातशेतीत) डीएपी किंवा युरिया टाकल्यावर निदान आठवडाभर खाचरातले पाणी बाहेर सोडू नये आणि बांधाच्या भोकांकडे लक्ष ठेवावे. कृषी खात्याच्या विभागीय कार्यालयातून माती तपासून घेतली तर कित्येक ठिकाणी स्फुरदाची मात्रा कमी करता येते आणि पैसेही वाचतात. तळ्याच्या वरच्या अंगाला पाच ते दहा मीटर गवताची पट्टी न नांगरता ठेवा. शेणाचा उकिरडा काठावर असेल तर तो हलवा.

व्हाळ तळ्यात शिरतो तिथे मीटरभर खोल गाळखड्डा काढा, पाणी संथ होईल इतका रुंद. मेमध्ये तो रिकामा केला नाही तर जूनचा पहिला लोंढा साठलेला सगळा गाळ उचलून तळ्यात नेतो. शेतीची गरज सांभाळून पहिले एक-दोन मोठे पाऊस मानस उघडी ठेवून जाऊ दिले तर वर्षभराची घाण बरीचशी निघून जाते. मानशीवर हक्क कुणाचा, कोमुनिदादचा (गावाच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचा), शेतकरी संघटनेचा की जलस्रोत खात्याचा, हे आधी ठरवून घ्या.

चवथीला निर्माल्य आणि माटोळीचे (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांचे) साहित्य काठावरच वेगळे गोळा करून खतात घाला.

जलपर्णी, साल्विनिया आणि गाळ

एक टन ओल्या जलपर्णीत साधारण २०० ते ३०० ग्रॅम स्फुरद असते. म्हणजे दहा-पंधरा टन बाहेर काढली की आपल्या हिशेबातले ३ किलो निघतात. काम खरे आहे, पण ढीग काठावर टाकला तर कुजून तेच पाणी परत आत झिरपते. ढीग तळ्याच्या खालच्या अंगाला न्या आणि शेण मिसळून खत करा. उपसणे मेअखेर संपवा. पावसात साल्विनियाचे तुकडे व्हाळातून खालच्या तळ्यांत पसरतात. एकदम सगळे साफ करू नका, पाव हिस्सा शेवटी काढा: अचानक ऊन मिळाल्यावर पाणी आठवड्याभरात हिरवे होते. साळके आणि कमळे मुळासकट उपटू नका, कमळपक्षी पावसाळ्यात तरंगत्या पानांवर घरटी करतात. तणनाशक फवारले तर वनस्पती आतच कुजते, ऑक्सिजन संपतो, स्फुरद तिथेच राहते.

गाळ एप्रिल-मेमध्ये, तळे उतरल्यावर काढा. सर्वांत पोषक गाळ वरच्या २०-३० सेंटिमीटरमध्ये असतो, तेवढाच घ्या. जेसीबीवाल्याला खोलीची खूण दिल्याशिवाय काम सुरू करू नका. खालचा चिकणमातीचा थर फुटून जांभा उघडा पडला तर पाणी मुरून जाते आणि तळे डिसेंबरमध्येच कोरडे पडते. खाणपट्ट्यातला किंवा रस्त्याकडेचा गाळ जड धातूंसाठी तपासूनच कुळागरात (पोफळीच्या बागेत) टाका. पाणथळ म्हणून अधिसूचित तळ्यात, जसे कुडचड्याजवळचे नंदा तळे, जे २०२२ मध्ये गोव्याचे पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झाले, गोवा राज्य पाणथळ प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय गाळाला हात लावता येत नाही.

जे विकत घेऊ नये

मोरचूद (कॉपर सल्फेट) शेवाळ मारते, पण पेशी फुटून विष पाण्यात येते आणि मऊ पाण्यात तांबे माशांना फार लवकर मारते. तुरटीने स्फुरद बसते हे खरे, पण एक मिलिग्रॅम तुरटी अर्धा मिलिग्रॅम क्षारता खाते. क्षारता ३० असलेल्या तळ्यात ५० मिलिग्रॅम तुरटी टाकली तर ती ५ वर येते, पीएच कोसळतो आणि अ‍ॅल्युमिनियम विषारी होते. जीवाणूंचे गोळे आणि द्रव स्फुरद कुठेही नेत नाहीत, रूप बदलून तिथेच ठेवतात. उथळ तळ्यात लावलेले कारंजे गाळ ढवळते. सायप्रिनस (कॉमन कार्प) मासाही तळ उकरून तेच करतो, तो सोडू नका. माशांना खाद्य टाकणे म्हणजे बाहेरून स्फुरद आणून ओतणेच.

पहाटे मासे वर आले तर

मेअखेरच्या ढगाळ दिवसांत किंवा पहिल्या पावसानंतर हे होते. मासे तोंड वर करून हवा घेत असतील तर पंपाने पृष्ठभागाचेच पाणी उचलून उंचावरून फवाऱ्यासारखे परत पाडा, ऊन वर येईपर्यंत थांबवू नका. पंपाचे तोंड तळाजवळ नको. मानस त्या दिवशी उघडू नका, उपसणी थांबवा. सूर्योदयाआधीच विंकलरची बाटली धरून ठेवा, दहा वाजता घेतलेल्या नमुन्यात कारण सापडत नाही. मेलेले मासे लगेच काढून पुरा, कुणाला खायला देऊ नका. तीन-चार मासे बर्फात आणि हिरव्या थराची एक बाटली काळ्या कागदात गुंडाळून गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तपासायला पाठवा. सोबत जागा, वेळ, तापमान, दोन्ही खोल्यांचा ऑक्सिजन आणि मागच्या मार्चचे आकडे द्या. तुलना नेहमी मार्चची मार्चशी, मेची मेशी करायची, कारण ऑक्टोबरच्या भरलेल्या तळ्याशी तुलना केली तर प्रत्येक उन्हाळा बिघाडासारखाच दिसतो.